टॉवेलखालचा ढोल

दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून संध्याकाळी माझे कान किटलेले असतात. वॉशिंग मशीनच्या कंपनीत मी फोनवर बसतो. पाणी भरत नाही, पाणी जात नाही, दार उघडत नाही, नव्या शर्टाला भोक पडलं, आणि सकाळपासून येतो येतो म्हणणारा तुमचा माणूस कुठे उलथलाय? हे सगळं 'हो, समजलं' म्हणत ऐकायचं. त्यामुळे ऑफिस सुटलं की मला कुणाचाही, अगदी देवाचाही आवाज नको असतो. म्हणूनच धाकटीच्या घरी जायला मला बरं वाटतं. धाकटी म्हणजे माझी बहीण. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, तिच्या नवऱ्यालाही नाही. दोघं हातांनी बोलतात, भुवयांनी बोलतात, भांडतातही कडाक्याचं, पण कानाला तोशीस नाही. मीही लहानपणापासून ही भाषा बोलतो. तेव्हा त्या घरातले जे संवाद इथे येतील ते हातांचे आहेत, मी ते तोंडच्या मराठीत उतरवलेत एवढं धरून चाला.

त्या घरात माझं नाव म्हणजे एक खूण आहे. कानाची पाळी चिमटीत धरून किंचित ओढली की झालं, तो मी. मला धड शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून धाकटीसाठी बोलायचं काम माझ्याकडे आहे. डॉक्टरची वेळ, बँकेतली चौकशी, घरमालकाची कुरकुर, सगळं मी. तिच्या लग्नाची बोलणीसुद्धा अर्धी माझ्याच तोंडून झाली. आमचे आईबाबा ऐकणारे, पण हातांची भाषा त्यांना कधी धड जमली नाही. त्यामुळे त्यांची बोलणी तिला आणि तिची उलट उत्तरं त्यांना पोचवायची, आणि दोन्हीकडून रागाचे डोळे मी झेलायचे. तक्रार करत नाही. म्हणजे करतोच आहे. मी थकलोय, आणि हे सांगायचं तरी कुणाला? जिला सांगावं तिच्यासाठीच तर सगळं.

त्या शुक्रवारीही मला फोन करायलाच बोलावलं होतं.

धाकटीच्या मुलीला आम्ही ठकी म्हणतो. तिलाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ऑपरेशन करून तिच्या कानात यंत्र बसवलं. आत कुठेतरी बारीक तार, बाहेर कानामागे एक छोटा डबा आणि केसांवर चिकटून बसणारी एक चकती. पण यंत्र बसवलं म्हणजे ऐकू आलं, असं नसतं. आवाज नावाची काही गोष्ट असते आणि तिच्याकडे लक्ष द्यायचं असतं, हे मेंदूला शिकवावं लागतं. तेही घरी, रोज, कंटाळा येईपर्यंत. अशा मुलांना ऐकायला शिकवणाऱ्या केंद्रातल्या बाई हे पहिल्यापासून बजावत होत्या. ठकीच्या बाबतीत मात्र काही केल्या गाडी पुढे सरकेना. केंद्रात भोंगा वाजवला की कधी बघायची, कधी नाही. बाई म्हणायच्या, यंत्र उत्तम चाललंय, घरी सराव होत नाही. धाकटी म्हणायची, सराव मी रोज करते, यंत्रच मेलंय. मागच्या भेटीत बाईंनी तोडून टाकलं. रांगेत दुसरी मुलं आहेत, तुम्हाला यायचं आहे की नाही ते शुक्रवारी सहाच्या आत कळवा. हे वाक्यही मीच धाकटीला सांगितलं. बाईंचा सूर तेवढा गाळला.

आणि धाकटीने ठरवलं होतं की बस्स. केंद्र बंद, यंत्र काढून कपाटात ठेवायचं. 'आमच्यासारखीच वाढेल. आमचं काय वाईट झालं?' असं तिने मला लिहून कळवलं होतं. काम एवढंच, सहाच्या आत फोन करून नाही म्हणायचं.

मी पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. बाहेरचं बटण दाबलं की त्यांच्या खोलीतला दिवा लुकलुकतो. धाकटीने दार उघडलं. पाठोपाठ ठकी आली, तिने माझ्या नावाने स्वतःचा कान ओढला आणि माझ्या पायाला विळखा घातला.

'चहा मग. आधी फोन,' धाकटी म्हणाली.

मी फोन लावला. तिकडे संगीत सुरू झालं आणि आपला वेळ आमच्यासाठी मौल्यवान आहे, कृपया थांबा, असं एक बाई लाडिकपणे सांगू लागली. आमच्या कंपनीतही हीच बाई असावी. मी फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून खुर्चीत टेकलो.

'थांबायला लावलंय ना? मग तोवर हे बघ,' धाकटी म्हणाली. 'मी सराव करते की नाही ते तू तुझ्या डोळ्यांनी बघ आणि त्या बाईला सांग. नाही म्हणायचं ते म्हण, पण हेही सांग. मला खोटारडी म्हणाली ती.'

'तसं नाही म्हणाली.'

'तू गाळलंस. तू गाळतोस तेव्हा तुझी हनुवटी खाली जाते.'

मी हनुवटी वर धरली.

भिंतीवर त्यांचा मोठा टीव्ही आहे. त्याला केबल नाही, अँटेना नाही. खालच्या टेबलावर मेहुण्याचा जुना लॅपटॉप असतो आणि एका वायरने त्याचं चित्र टीव्हीवर जातं. मेहुणा छापखान्यात मशीनवर काम करतो आणि घरी कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स नावाच्या फुकट प्रणालीची भक्ती करतो. भंगारात जायच्या लायकीचा लॅपटॉप त्याने उघडून, साफ करून, लिनक्स घालून पळता केलाय. इंटरनेटवर तो अनोळखी लोकांच्या अडचणी सोडवत बसतो. त्याला ऐकू येत नाही हे तिथे कुणाला माहीतही नसेल, कारण तिथला सगळा मामला लेखी. तर बाईंनी सांगितलं होतं की सरावाला आवाज मोठा आणि स्वच्छ हवा, टीव्हीवर लावा. म्हणून टीव्ही.

धाकटीने केंद्राने दिलेला व्हिडिओ लावला. त्यात एक ढोल असतो. तो मध्येच वाजतो, मग थांबतो, मग पुन्हा वाजतो. चित्र बघून मुलाने ओळखू नये म्हणून टीव्हीवर टॉवेल टाकायचा. मुलाने लाकडी ठोकळा गालाशी धरून बसायचं आणि ढोल ऐकू आला की ठोकळा बादलीत टाकायचा. धाकटीने टॉवेल नीट ताणून टाकला. ठकी शहाण्यासारखी मांडी घालून, ठोकळा गालाला लावून बसली. इतकी सराईतपणे बसली की मला भडभडून आलं. हे रोज होत होतं, यात काडीचाही संशय नव्हता.

लॅपटॉपच्या पडद्यावर कोपऱ्यात एक हिरवी पट्टी होती. ढोल वाजला की ती उडी मारायची. पट्टी उडाली तशी धाकटीने डावा तळवा लॅपटॉपवर सपाट ठेवला आणि भुवया उंचावल्या. ठकीने त्या भुवया बघून ठोकळा टाकला.

'बघ, माझ्या तोंडाकडे बघून टाकते,' धाकटी म्हणाली. 'आता तोंड फिरवते.'

तिने तोंड फिरवलं. पट्टी पुन्हा उडाली. ठकीचा ठोकळा गालालाच. पुन्हा पट्टी, पुन्हा काही नाही. ठकी आईच्या पाठीकडे आशेने बघत होती.

माझ्या एका कानात फोनचं संगीत चालू होतं. दुसऱ्या कानात फ्रिजची घरघर होती आणि खाली गल्लीत कुणीतरी शटर ओढत होतं. बाकी काही नाही. पट्टी उड्या मारत होती आणि खोलीत चिडीचूप. त्या घरात टीव्ही गप्प असण्याची मला इतकी सवय होती की हे डोक्यात शिरायलाच वेळ लागला. शिरलं तेव्हा मी फोन बंद केला.

'का बंद केलास? लागला होता ना?'

'आवाज कुठंय?' मी विचारलं.

'चालू आहे की.' तिने पट्टी दाखवली.

'येत नाहीये.'

'असं कसं? हात ठेव ना!' तिने माझा हात धरून लॅपटॉपवर दाबला. 'लागतंय ना? रोज लागतं. मी आधी हात ठेवून बघते, मगच हिला बसवते. मला काय अक्कल नाही?'

हाताला थरथर लागत होती. बारीक, न थांबणारी. ढोल थांबला तरी ती चालूच होती.

'हा पंखा आहे,' मी म्हणालो. 'आतला. लॅपटॉप तापतो म्हणून फिरतो तो.'

तिने स्वतःचा तळवा पुन्हा लॅपटॉपवर ठेवला. शाळेत असताना ढोलावर, पेटीवर, मास्तरांच्या गळ्यावर तिचा तळवा ठेवून तिला शिकवलं होतं की हे जे हाताला लागतं ना, तोच आवाज. तिने ते मनापासून लक्षात ठेवलं होतं, एवढाच तिचा गुन्हा.

'म्हणजे मी रोज हिला,' ती म्हणाली, आणि पुढे हात हवेतच राहिले.

ठकीने कंटाळून ठोकळा बादलीत टाकला आणि आईकडे बघून स्वतःच टाळ्या वाजवल्या. धाकटी उठून स्वयंपाकघरात गेली. माझी बहीण रडताना आवाज करते, तो किती मोठा असतो हे तिला माहीत नाही. मी तो ऐकला. ऐकायला मीच होतो.

दिवा लुकलुकला आणि मेहुणा आत आला, बोटांना शाई तशीच. मी त्याला सांगितलं. तो आधी हसला, मग लॅपटॉपकडे गेला, मग त्याचा चेहरा उतरला. त्याने टेबलाचा खण उघडला, खिळेमोळे उपसले आणि तळातून दोन चपट्या काळ्या वस्तू काढून माझ्या हातावर ठेवल्या. त्यांना तारांचे तुकडे लोंबत होते.

'लॅपटॉपचे स्पीकर,' तो म्हणाला. 'मोठा पंखा बसवायला जागा हवी होती. काढून टाकले. ठकी तेव्हा झालीही नव्हती. आपल्याला काय उपयोग?'

आता सगळं जुळलं. लॅपटॉप बिचारा आपल्या परीने ढोल वाजवत होता, पण नसलेल्या स्पीकरांवर. टीव्हीकडे तो फक्त चित्र पाठवत होता. पट्टी खोटी नव्हती. फक्त तिच्या पलीकडे कुणी नव्हतं.

'मी जगाला शिकवतो,' मेहुणा म्हणाला आणि शाईच्या मुठीने स्वतःच्या कपाळावर मारलं.

'ते मग कर,' मी म्हणालो. 'साडेपाच होऊन गेलेत. मी केंद्राला सांगतो की येतो म्हणून.'

'नाही!' धाकटी दारात उभी होती, डोळे लाल. 'अजिबात नाही. आधी तो टीव्ही वाजू दे. वाजल्यावर हिने बघितलं तर कळव. नाही बघितलं तर जे ठरलंय तेच. मला पुन्हा आशा लावू नकोस, माझ्यात आता त्राण नाही.'

मग आम्ही दोघं त्या लॅपटॉपच्या मागे लागलो. मेहुण्याला सगळं येत होतं, फक्त झालं की नाही हे कळणार नव्हतं. मला कळणार होतं, पण येत काहीच नव्हतं. आधी मी टीव्हीचा रिमोट घेतला. टीव्हीचा आवाज शून्यावर होता, दुकानातून आणल्यापासून तसाच असणार. तो मी दाबत दाबत पार वर नेला. मेहुण्याने ढोल लावला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही.

वायर काढून पुन्हा घातली. नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला, तो सावकाश उठला, जांभया देत. नाही. मेहुण्याने आवाजाच्या सेटिंग उघडल्या. आवाज कुठे पाठवायचा याच्या यादीत एकच नाव होतं, लॅपटॉपचे अंगचे स्पीकर, म्हणजे मघाशी मी खिशात टाकले ते. टीव्हीचा पत्ताच नाही. तो कॉम्प्युटरला लेखी हुकूम द्यायची काळी खिडकी उघडून भराभर काहीबाही टाइप करू लागला. ओळी पडत होत्या, तो वाचत होता, बोट नाचवत होता. आणि दर थोड्या वेळाने वळून भुवया उंचावत होता, आणि मी नाही म्हणत होतो. दिवसभर ऑफिसात लोकांना हो म्हणून दमलो होतो, इथे नाही म्हणून दमलो.

'टीव्हीच बहिरा निघाला तर?' तो म्हणाला. 'आपल्यातलाच असेल. घराला शोभून दिसतोय.'

धाकटीने त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट्याने पुन्हा वळला.

शेवटी सेटिंगच्या मागच्या पानावर त्याला सापडलं. लॅपटॉपमधला आवाज सांभाळणाऱ्या साउंड कार्डाला एका वेळी एकच वाट निवडून द्यावी लागत होती आणि निवडलेली होती स्पीकरांची. त्याने ती बदलून टीव्हीची केली. यादीत टीव्हीचं नाव उमटलं. त्याने अभिमानाने ढोल लावला. पट्टी उडाली. मी श्वास रोखून ऐकलं.

नाही.

मला वाटलं तो आता लॅपटॉप खिडकीतून फेकणार. पण छापखान्यातला माणूस, अडकलेला कागद ओढायचा नसतो हे त्याला ठाऊक. त्याने पुन्हा काळी खिडकी उघडली, तिच्यात आवाजाचे रंगीत खांब दिसू लागले. सगळ्यात शेवटच्या बुटक्या खांबाखाली एम एम अशी दोन अक्षरं होती. म्यूट. टीव्हीकडे जाणाऱ्या वाटेवरही कुलूप होतं. त्याने एक बटण दाबलं आणि अक्षरं बदलली. यावेळी त्याने ढोल लावला नाही. सेटिंगमधलं डावा-उजवा स्पीकर तपासायचं बटण दाबलं.

'फ्रंट लेफ्ट!' टीव्हीतून एक बाई खणखणीत आवाजात ओरडली.

मी खुर्चीतून उडालो. आवाज मीच पार वर नेऊन ठेवला होता. मी उडालो हे मेहुण्याने बघितलं आणि दोन्ही हात वर केले. पण मी त्याच्याकडे बघत नव्हतो. धाकटी त्यावेळी ठकीसमोर गुडघ्यांवर बसून तिला विचारत होती, भूक लागली का? ठकी उत्तर देत होती. तिचे हात मध्येच थांबले.

'फ्रंट राइट!'

ठकीने मान वळवली. आईचं बोलणं अर्धं सोडून तिने टीव्हीकडे बघितलं. त्या घरात बोलणाऱ्यावरून नजर काढणं म्हणजे त्याचं तोंड दाबण्यासारखं असतं. ठकीने असं कधीच केलं नव्हतं. धाकटीने तिच्यापुढे हात हलवला, जमिनीवर तळवा आपटला. ठकी वळली नाही. टॉवेल लटकत होता, बघण्यासारखं तिथे काहीच नव्हतं, तरी ती बघत होती.

'माझ्याकडे बघत नाहीये,' धाकटी घाबरून म्हणाली. 'काय झालं हिला?'

'ऐकतेय,' मी म्हणालो.

मी आवाज अर्ध्यावर आणला आणि मेहुण्याने ढोल लावला. ठकीने ठोकळा गालाशी धरला. पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा ढोल नसतानाच टाकला. मग धाकटीने आपलं तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं आणि ढोल वाजला, आणि ठकी दचकली, ठोकळ्याकडे बघितलं, आणि तो बादलीत टाकला. धाकटीने बोटांच्या फटीतून ते बघितलं. मग ती माझ्या खांद्याला धरून गदागदा हलवू लागली आणि मीही रडलो, उगाच कशाला लपवू?

सहाला दोन-चार मिनिटं कमी असतील. फोन लागला. मी बाईंना सगळं सांगितलं.

'म्हणजे घरात आवाजच नव्हता?' बाई हळू म्हणाल्या. 'मी त्यांना काय काय बोलले.'

'त्यांना सांगू?'

'माझी चूक झाली म्हणून सांगा. आणि मंगळवारी आणा तिला.'

मी ते जसंच्या तसं सांगितलं, हनुवटी वर ठेवून. धाकटीने चहा टाकला. मेहुणा सेटिंग कायमची जतन करायच्या मागे लागला, ठकी टॉवेलखाली डोकं घालून ढोल शोधू लागली. मी खुर्चीत पडलो. अंगात काही उरलं नव्हतं.

'आता तूही सुटलास,' कप देताना धाकटी म्हणाली. तिचा चेहरा इतका फुललेला मी तिच्या लग्नातही बघितला नव्हता. 'ही बोलायला लागली की माझे सगळे फोन हीच करेल. बँक, घरमालक, दवाखाना. तुला एवढ्या लांबून यायला नको.'

या वाक्याची मी आयुष्यभर वाट बघत होतो. आणि ते आलं तेव्हा मला दिसलं काय, तर हीच ठकी, जरा उंच झालेली, कुठल्याशा दवाखान्यात डॉक्टर आणि आईच्या मधोमध उभी, आणि डॉक्टर जे बोलला ते आईला कोणत्या हातांनी सांगायचं हे न कळून खाली बघणारी.

मी कप खाली ठेवला. बोलायला दोन्ही हात लागतात.

'नाही,' मी म्हणालो. 'फोन मीच करणार. तिला नुसतं ऐकू दे.'

धाकटीने माझ्याकडे नीट बघितलं.

'तू थकतोस,' ती म्हणाली. 'मला दिसतं.'

'थकतो,' मी म्हणालो. 'पण मी मोठा आहे.'